भागूबाईंची पाच बेटं

१९९८ च्या दिवाळीच्या सुट्टीत भागूबाई सिस्टर एकट्या समुद्रातली बेटं पाहायला निघाल्या, तेव्हा सगळं जवळा बाजार गाव हसलं. मला हसू आलं नाही. माझा नुसता जळफळाट झाला.

मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवत होते. हिंगोली जिल्हा व्हायला अजून काही महिने होते, आमचं गाव परभणीतच मोडायचं. नोकरीची सव्वीस वर्षं झाली होती. चहूबाजूंनी पाणी असलेल्या जमिनीला बेट म्हणतात, हे मी सव्वीस वर्षं पोरांकडून म्हणवून घेतलं. घमेल्यात पाणी ओतायचं, मधे एक दगड ठेवायचा आणि पोरांना गोल बसवून दाखवायचं. खुद्द समुद्र मात्र मी पाहिलेला नव्हता. शाळेची सहल जायची वेरूळला, नाहीतर पैठणला. एका वर्षी ती कोकणात ठरली, तर नेमक्या त्याच आठवड्यात सासूबाई न्हाणीत पडल्या. माझ्याऐवजी दुसऱ्या बाई गेल्या आणि शिंपल्यांची माळ घालून परत आल्या. ती माळ पाहूनही मी जळले होते. पण भागूबाईंच्या वेळी जे झालं, त्यापुढे ते काहीच नव्हतं.

भागूबाई आमच्या उपकेंद्रावर नर्स होत्या. लसीचा डबा खांद्याला लावून पाच गावं पायी फिरायच्या. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली, माझी धाकटीसुद्धा. त्यांचे मालक मुंजाजी वारून नऊ वर्षं झाली होती. मुलगा भीमराज नांदेडला एका कॉलेजात क्लार्क होता. आमचा घरोबा जुना. पण सासूबाई होत्या तोवर भागूबाई ओट्यावर बसूनच चहा प्यायच्या. सासूबाई गेल्यावर मी त्यांना स्वयंपाकघरात बोलावू लागले. त्याआधीच्या वर्षांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही नाही.

सहामाही परीक्षा संपली त्या दुपारी मी व्हरांड्यात पेपर तपासत होते. भागूबाई आल्या आणि समोरच्या बाकावर बसल्या.

"बाई, जरा भिंतीवरचा नकाशा काढा."

"काहून? कुठं साथ आली?"

"साथ न्हाई. मला बेटं पाहायचीत."

त्यांनी पिशवीतून एक छापील कागद काढला. दर महिन्याला त्यांना फिरतीचा आगाऊ कार्यक्रम वर पाठवावा लागायचा, त्याचाच तो नमुना होता. कोणत्या तारखेला कोणतं गाव, काय काम, मुक्काम कुठं, असे रकाने. त्यांनी नोव्हेंबरच्या दहा तारखा लिहून काढल्या होत्या. गावाचा रकाना कोरा होता. कामाच्या रकान्यात पहिल्या ओळीत लिहिलं होतं 'पाहणे', आणि खाली नऊ वेळा 'सदर'.

"एसटीचा दहा दिवसाचा पास मिळतो बगा," त्या म्हणाल्या. "एकदा काढला की कुठल्याबी लाल गाडीत बसा, कुठंबी उतरा. कंडक्टरनं सांगितलं मला. तवापासून डोक्यात घोळून राहिलं. पास एक, आन् खायला घरचे धपाटे."

"आणि मुक्काम? लॉजचे पैसे?"

"लॉज कशाला? जिथं दवाखाना तिथं नर्सची खोली. नर्सच्या दारात नर्सला कुणी उठ म्हणत न्हाई. आपल्याकडं लातूरची एक पोरगी रात्रीची आली होती की नै, मी काय तिला नाव विचारत बसले का?"

मी विचारलं, "कोण कोण चाललंय?"

"मी."

"आणि?"

"आन् नातवाचं जुनं दप्तर. पाठीवर बराबर बसतंय."

मला हसू आलं. पण त्या हसल्या नाहीत.

"बाई, अठ्ठावीस वर्षं झाली नोकरीला," त्या म्हणाल्या. "जेवायला बसलं की हाक, डोळा लागला की हाक. मुंजाजीला मातीला नेत होते, तवा बी एक माणूस फाटकात हुबा होता, सिस्टर, बायको अडली म्हणून. गेले मी. लेकराची काय चूक? पन आता एकदा अशा जागी बसायचंय, जिथं चारी अंगानं पाणी हाय आन् 'सिस्टर चला' म्हणायला कुणाला येताच येत न्हाई. एकटीच. सोबत नको. सोबत असली की ती बी हाका मारती."

मी नकाशा उतरवला.

पुढचे दोन आठवडे दुपारी आम्ही तोच उद्योग केला. खरं तर मीच केला. त्या नुसत्या विचारत राहायच्या. मी जुन्या तक्त्याच्या पाठीवर कोकणचा किनारा काढला, निळ्या खडूनं पाणी रंगवलं. बेटं निवडली तीही मीच. मुंबईजवळचं घारापुरी, अलिबागचा कुलाबा, मुरूडचा जंजिरा, हर्णैचा सुवर्णदुर्ग आणि शेवटी मालवणचा सिंधुदुर्ग. पाच बेटं, दहा दिवस. कोणत्या स्टँडवर उतरायचं आणि पुढची गाडी कशी असेल, हे विचारायला मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना पत्रं लिहिली. आमच्याकडची बरीच पोरं तेव्हा कोकणात मास्तर म्हणून लागली होती. वसराम मालवणकडं होता, धम्मानंद दापोली तालुक्यात. दोघांनी उलट टपाली चार-चार पानं लिहून पाठवली. धम्मानंदनं तर शेवटी लिहिलं होतं, 'बाई, तुम्ही येणार म्हणून आनंद झाला.' ती ओळ मी भागूबाईंना वाचून दाखवली नाही.

"कुलाब्याला ओहोटीला चालत जाता येतं," मी सांगितलं.

"ओहोटी म्हंजे पाणी मागं जातं?"

"हो."

"मागं म्हंजे कुठं?"

मी चंद्र, पृथ्वी, ओढ असं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. मी पाहून येते आन् तुमाला सांगते."

माझं बिनसलं ते तिथं. सव्वीस वर्षं मी शिकवायचं आणि ही बाई पाहून येऊन मला सांगणार! घरी गेले तर भाकरी करपल्या. तातेराव, म्हणजे आमचे मालक, म्हणाले, "आज काय चुलीवर राग का?" मी म्हटलं, "पीठच जुनं आहे."

दुसऱ्या दिवशी भागूबाई हिंगोलीला जाऊन पास काढून आल्या. पासावर त्यांचा फोटो होता. डोळे मोठे, पदर कानामागं. त्यांनी तो मला दाखवला, हातात दिला, परत घेतला, पुसला आणि ब्लाउजमध्ये ठेवला. जणू सोन्याचा डाग होता.

त्या संध्याकाळी मी गुलाबचंदच्या एसटीडी बूथवर गेले आणि नांदेडला भीमराजला फोन लावला.

"भीमराज, मी बाई बोलतेय. तुझी आई एकटी मुंबईकडं चालली, ठाऊक आहे का? दहा दिवस? लाटांतून, होड्यांतून? पोहता येत नाही तिला. मी आपलं काळजीपोटी सांगितलं हो. माझं नाव घेऊ नको."

काळजी हा शब्द फार सोयीचा असतो. त्याच्याआड काहीही लपतं. फोन ठेवला तेव्हा गुलाबचंद मान खाली घालून मीटरकडं पाहत होता.

रविवारी भीमराज आला. भागूबाईंनी मला बोलावून घेतलं. त्याला नकाशा समजावून सांगायला, असं त्यांना वाटत होतं. उपकेंद्राच्या मागच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. दप्तर खुंटीला भरून तयार होतं.

"आई, हे काय डोक्यात घेतलं? लोक काय म्हणतील? नर्सबाई पळून गेली म्हणतील."

"एकावन्न वर्षाची बाई कुणासंगं पळती रे? एसटीच्या डायवरसंगं?"

"मस्करी करून राहिली तू. मला तिथं नांदेडात झोप लागंल का? काही झालं तर मी कुठं धुंडू तुला? कोणच्या बेटावर?"

"बाईंनी लिहून दिलंय की. तारखेनुसार."

भीमराज माझ्याकडं वळला. चांगला पोरगा होता. मी फोन केल्याचं त्यानं डोळ्यांतूनही दाखवलं नाही. तो म्हणाला, "आई, माझी ना न्हाई. बाई सोबत असत्या तर जा. बाईंना सगळा भूगोल तोंडपाठ. दोघी जाऊन या. मी बाईंचा पास आणून देतो."

हे मी मनात आणलंच नव्हतं असं म्हणाले तर खोटं होईल. फोन करायला बूथची पायरी चढताना, अगदी आत कुठंतरी, मला हेच हवं होतं. मी मान खाली घालून बांगड्या फिरवत बसले आणि भागूबाई काय म्हणतात ते ऐकू लागले.

त्यांनी खुंटीवरच्या दप्तराकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "न्हाई. बाईंना घेऊन मी जाणार न्हाई."

"काहून? बाई वाईट हायत का?"

"वाईट न्हाईत. पन मला एकटीला जायचंय."

"मग जायचंच न्हाई," भीमराज उठला. "माझी आण हाय तुला."

आण घातल्यावर बोलायचं काही उरत नाही. भागूबाईंनी खुंटीवरचं दप्तर काढलं, धपाटे बाहेर काढले आणि त्याच्यासमोर ताटात ठेवले. "खाऊन जा," म्हणाल्या. "नाहीतर वाया जातील."

पहिले दोन दिवस मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण खरंच बरं वाटलं. पोटातली आग जरा निवली. आता दोघी सारख्याच, असं वाटलं. ती पाहून येऊन मला सांगणार नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी उपकेंद्रावरून जात होते. भागूबाई पायरीवर ताट घेऊन बसलेल्या. पहिला घास तोंडाजवळ नेला आणि फाटकातून एका माणसानं हाक दिली, "सिस्टर, चला." त्यांनी घास ताटात ठेवला, ताटावर ताट झाकलं, हात धुतला. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. त्या माझ्या शेजारून गेल्या आणि नेहमीसारखं म्हणाल्या, "येते हो बाई."

त्या परत येईपर्यंत मी तिथंच पायरीवर बसून राहिले. दिवस कलला. त्या आल्या, साडीवर डाग होते.

"पोरगी झाली," म्हणाल्या. "तुमी अजून इथंच?"

"सिस्टर, भीमराजला फोन मी केला होता."

"ठावं हाय. गुलाबचंद दुसऱ्याच दिवशी सांगून गेला."

"मग मला बोलल्या का नाहीत?"

"काय बोलू? काळजीनं केला म्हणे."

"काळजीनं नाही केला."

"ते बी ठावं हाय," असं म्हणून त्यांनी झाकलेलं ताट उघडलं आणि थंड भाकरी मोडली. "पासाचा फोटो दावला तवाच तुमचं तोंड बघितलं मी. पन बाई, मी तुमाला सोबत न्यायचं न्हाई म्हटलं, ते रागानं न्हाई हां. कुणालाच न्हाई म्हटलं असतं."

त्या जेवत होत्या आणि मी विचार करत होते. मग माझ्या तोंडून जे निघालं, ते त्याआधी माझ्या मनातही नव्हतं.

"आपण भीमराजला सांगू, मी येते म्हणून. दोघी एका गाडीत बसू. परभणीला उतरलं की तुम्ही तुमच्या वाटेनं जा."

"आन् तुमी? घरी आल्या तर तातेराव विचारतील न्हाई?"

"मी घरी नाही येणार. मीही पास काढते. काढीन दहा दिवस कुठंतरी. दहाव्या दिवशी परभणीला भेटू आणि जोडीनं परत येऊ."

भागूबाईंचा घास हातातच राहिला. मग त्या अशा हसल्या की त्यांना ठसका लागला.

"आता गं माय! बाई, तुमच्यात एक चोर हाय बगा. पोरांना काय शिकवता हो तुमी?"

घरी तातेराव म्हणाले, "कापसाच्या वेचणीत?" मी म्हटलं, "बाया सांगून ठेवल्यात." ते म्हणाले, "सिस्टर हायत ना सोबत? मग काही तकलीफ न्हाई. पन रोज गुलाबचंदकडं फोन लावा." तिकडं भीमराजही तेच म्हणाला, बाई हायत ना सोबत. दोन्ही घरं दुसरीच्या भरवशावर निर्धास्त झाली. निघालो त्या सकाळी दोघंही स्टँडवर सोडायला आले होते. भीमराजनं माझ्या पाया पडून सांगितलं, "आईला एकटीला सोडू नका." मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

परभणीच्या स्टँडवर भागूबाईंनी मुंबईची गाडी धरली. खिडकीतून त्या एवढंच म्हणाल्या, "बाई, फोनवर म्हणा, सिस्टर शेजारीच हायत. मी बी तसंच म्हणन." गाडी हलली. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. पुढच्या काचेतून रस्ता बघायला त्या सीटवरून अर्ध्या उठल्या होत्या, पाठीवरचं दप्तर तेवढं मला दिसलं.

मला कुठं जायचं हे मी गावात कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं ते नव्हतंच. फिरतीच्या कागदाची मी नक्कल करून ठेवली होती. तीच पाच बेटं, फक्त उलट्या क्रमानं. त्या उत्तरेकडून खाली येणार, मी मालवणहून वर जाणार. स्वतःचा बेत करायला मला कुणी नको म्हटलं नव्हतं. पण मला बेत हवा होता तो त्यांचाच.

सोलापूर, कोल्हापूर करत मी तिसऱ्या दिवशी मालवणला पोचले. मी पत्रानं कळवलं होतं म्हणून वसराम स्टँडवर आला होता. त्याच्याबरोबर धक्क्यावर गेले आणि समोर समुद्र होता. पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदा समुद्र पाहिला मी. खरं सांगते, मनात पहिला विचार आला तो हा, की भागूबाईंनी हा काल पाहिला असणार, माझ्या आधी. मग मी चूळ भरून पाणी चाखलं. खारट होतं, पुस्तकात लिहिल्यासारखं. सिंधुदुर्गाच्या तटावर बसले. चारी अंगांनी पाणी. अर्धा तास बरं वाटलं. मग मला गलबलून आलं. कुणीतरी हाक मारावी असं वाटू लागलं. वसराम खाली होडीवाल्याशी बोलत होता, मीच त्याला हाक मारली. भागूबाईंना जे नको होतं, त्याच्यावाचून माझं अर्धा तास निभत नव्हतं. म्हणजे त्यांच्याजवळ पास होता, बेत होता, आणि शिवाय एकटं बसायची ताकदही होती. मला त्या ताकदीचाही हेवा वाटला.

त्यांच्या कागदावर सहावा दिवस हर्णैचा होता. मी पाचव्या दिवशी हर्णै आटोपून पुढं जाणार होते. गाड्या वेळेवर होत्या, सगळं जमलं असतं. पण मी थांबले. मुद्दाम थांबले. मला पाहायचं होतं, एकटी असताना ही बाई दिसते तरी कशी.

मुक्काम धम्मानंदच्या खोलीवर होता. त्यानं बंदरावरच्या पार्वतीबाईंशी गाठ घालून दिली. कोळ्याची बाई, अंगानं भक्कम, आवाज असा की वाऱ्यावर मात करील. त्यांचा दीर सकाळी जाळी घेऊन सुवर्णदुर्गाकडं जायचा. होडी जाळ्यांनी भरलेली, माणसाला एकच जागा. ती पार्वतीबाईंनी माझ्यासाठी ठेवली होती. मला किल्ल्यावर सोडून दुपारी परतताना घ्यायचं, असं ठरलं.

सहाव्या दिवशी आठाच्या सुमाराला मी वाळूत, सुकत घातलेल्या बोंबिलांच्या काठ्यांमागं, पार्वतीबाईंशेजारी बसले होते. वीस-पंचवीस पावलांवरून भागूबाई आल्या. चपला हातात, पाठीवर दप्तर, साडी पोटरीपर्यंत खोचलेली. चेहरा रापला होता. मी पदर पुढं ओढला.

त्या होडीवाल्यांशी बोलू लागल्या. वारा माझ्याकडंच वाहत होता, सगळं ऐकू येत होतं.

"दादा, त्या किल्ल्यावर सोडता का? दुपारी आणा परत."

"कोण कोण हाव?"

"मी एकटीच."

"एकट्या बाईला नाय नेणार. उद्या काय झाला तर आमच्या गळ्यात. सोबत कोण असंल तर घेऊन ये."

"सोबत न्हाई."

"मग नाय."

त्या दुसऱ्या होडीकडं गेल्या. तिथंही तेच. तिसऱ्या होडीवाल्यानं तर मान वर करूनही पाहिलं नाही. मग त्या पाण्याच्या कडेला उभ्या राहिल्या. किल्ला समोर होता, इतका जवळ की तटाचे दगड मोजता यावेत. त्या तिथं उभ्या होत्या आणि पायावरून पाणी येत-जात होतं.

मला फक्त उठायचं होतं. "सिस्टर, मी आहे सोबत," एवढंच म्हणायचं होतं. होडीवाले तयार झाले असते. दोघी एका होडीतून गेलो असतो, तटावर शेजारी बसलो असतो, धपाटे खाल्ले असते. त्यांनी तोंडावर नाही म्हटलं नसतं. हसल्याही असत्या, "आता गं माय" म्हणाल्या असत्या. हाक अगदी ओठापर्यंत आली होती.

पार्वतीबाईंनी माझ्याकडं पाहिलं. "वळखतीस काय तिला?"

"माझ्या गावची आहे."

"मग हाक मार की गो!"

"नको."

"भांडण हाय?"

"नाही."

"मग झालाय तरी काय तुला?"

मी म्हटलं, "तुमच्या दिराला सांगा, माझ्या जागेवर तिला घेऊन जा. एकटीला. आणि तिला किल्ल्यावर सोडून निघून जायचं, बोलत बसायचं नाही. मी कोण ते सांगायचं नाही."

"आन् तू?"

"माझं राहू द्या."

त्यांनी मला वेडी ठरवलं असणार, पण त्या उठल्या. वाळूतून जात त्यांनी अशी आरोळी दिली की सगळं बंदर वळलं. भागूबाईही वळल्या. मी काठ्यांमागं आणखी वाकले. तोंडावर बोंबिलांचा वास येत होता.

होडी निघाली. भागूबाई जाळ्यांच्या ढिगावर बसल्या होत्या, किल्ल्याकडं तोंड करून. वल्ही पडत होती. अर्ध्या वाटेवर त्यांनी पाठीवरचं दप्तर काढलं आणि पायाशी ठेवलं. बस, एवढंच. पण ते ओझं उतरवताना त्यांचे खांदे जसे खाली आले, तसे मी त्यांचे एकोणीस वर्षांच्या ओळखीत कधी पाहिले नव्हते. मला त्यात माझा काही चांगुलपणा वाटला नाही. पोटात आग होती ती होतीच. माझी होडी, माझी जागा, माझं निवडलेलं बेट, आणि ही बाई तिथं बसून काय पाहणार ते मला कधी कळणार नव्हतं. होडी किल्ल्याच्या तटाआड जाऊन दिसेनाशी होईपर्यंत मी तिथंच बसले. मग धम्मानंदच्या खोलीवर जाऊन माझ्या पिशवीतल्या कपड्यांच्या घड्या उगाच पुन्हा घालत राहिले. पुढं मी कुठल्याच बेटावर गेले नाही. फोनवर मात्र रोज म्हणायचे, "सिस्टर शेजारीच आहेत."

दहाव्या दिवशी परभणीच्या स्टँडवर आम्ही भेटलो. भागूबाई काळ्या झाल्या होत्या आणि बोलत सुटल्या होत्या. जवळा बाजारची गाडी मिळाली, दोघींना एकाच सीटवर जागा मिळाली. घारापुरीची माकडं, कुलाब्याचं मागं जाणारं पाणी, जंजिऱ्याची तोफ, सगळं त्यांनी मला ऐकवलं. मी "हो का," "असं का," म्हणत राहिले.

"तुमी कुठं गेल्या बाई?"

"मालवणला. बाकी नातेवाइकांकडं."

"हर्णैला न्हाई गेल्या? अगं माय, तुमी चुकल्या! सगळ्यात भारी तेच. तिथं काय झालं ठावं हाय का? मला कुणी नेईना. एकटी बाई म्हणून. मी परत फिरणारच होते. तर एक कोळीण आली, म्हणाली, एका बाईनं तिची जागा तुला दिली, चल. म्हटलं, कोण बाई? तर सांगंना."

"भली असेल कुणी."

"भली तर असंलच. पन मी किल्ल्यावर बसून तिचाच इचार करत होते बगा. एवढी सोन्यासारखी जागा, अशी सहज सोडून दिली. म्हंजे त्या बाईनं तो समुद्र किती पाहिला असंल! मन भरल्याशिवाय कुणी सोडतं का? तिला रोजचंच असंल, येणं-जाणं, होडी, बेट." त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या. झिरो फाटा गेला होता, दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. "खोटं कशाला बोलू बाई, मला हेवा वाटला तिचा."

मी पदर सारखा केला आणि खिडकीच्या बाजूला जरा सरकून, पाय पसरून बसले. भागूबाईंनी गुडघे आखडून मला जागा दिली. औंढ्याचा कंडक्टर ओळखीचा होता. तो पास बघायला आला तेव्हा मी तो त्याच्या हातात देऊन म्हटलं, "नीट बघ रे. समुद्रावरून आलोय."